हौसाबाईचा अंगठा

या माउली, जवळ सरकून बसा, एका अंगठ्याची कथा सांगते.

यमुनेच्या नवऱ्याच्या तेराव्याला दिरानं कागद पुढं केला. "वारसनोंदीचा आहे वहिनी, अंगठा टेकवा."

असंच सांगून त्यानं यमुनेच्या थोरल्या विधवा जावेचा, हौसाबाईचा, अंगठा घेऊन तिचा हिस्सा लाटला होता. म्हणूनच तिनं यमुनेला कीर्तनाच्या नावाखाली देवळातल्या साक्षरता वर्गाला धाडलं होतं.

यमुनेनं बोट ठेवून अडखळत वाचलं, "हक्क... सोड... पत्र. नाही भावजी!"

"कीर्तनात हेच शिकवतात काय? कुणी धाडलं तुला?"

"मी," हौसाबाई म्हणाली.

दिरानं दोघींना हाकलून आतून कडी लावली. भर उन्हात त्या देवळाच्या पायरीवर उपाशी बसल्यात. यमुनेचा हक्क अजून शाबूत आहे. हौसाबाईचा कधीच गेला, आज छप्परही गेलं.

कीर्तनात टाळी वाजवाल, तेव्हा तिला आठवा.