माघारी आलेली लाट

डोंगशा बेटाजवळचा समुद्र आरशासारखा शांत होता. पूर्वेच्या सामुद्रधुनीत बुडालेल्या डोंगरांवरून भरतीचं पाणी ओसंडलं, की उबदार पाण्याखाली, थंड पाण्याच्या माथ्यावर प्रचंड लाट उठते आणि पश्चिमेच्या उथळ पाण्याकडे निघते. वर दिसतो फक्त खळबळता पट्टा. ती आज जेवणाआधी येईल, असं या लाटांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक त्साय युनशियांनी जहाजावरच्या खलाशांना सांगितलं होतं.

ती आली. पट्टा सळसळत जहाजाखालून गेला. खलाशांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई, तुमची ही लेक सांगितल्या वेळी घरी आली की!" कप्तान लो हसले.

"माझ्या शब्दाबाहेर नाही ती," युनशिया ताठ मानेनं म्हणाल्या.

तेवढ्यात पश्चिमेकडून तीच सळसळ ऐकू आली. पट्टा परत येत होता.

"किनाऱ्यावरून उलटली का?" लोंनी विचारलं.

"नाही हो. तिथे फुटून विरते ती."

पट्टा जहाजाच्या अगदी कडेला आला आणि थांबला. लाट थांबत नसते. युनशियांचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला.

"इंजिन चालू करा," त्या हळूच म्हणाल्या.

जहाज पुढे सरकलं. पट्टाही तेवढाच सरकला.