ओट्याचा कोपरा

वर्सोव्याच्या मासळीबाजारातले निम्मे ओटे कमळच्या घरचे. ऑफिसला जाता जाता चावी द्यायला आलेला तिचा मुलगा अल्पेश आज भलताच खुशीत होता. "आई, आमची सोशल मीडिया कंपनी आता त्या बिनमालकाच्या छोट्या छोट्या सोशल नेटवर्कांना जोडून घेणार. त्यांची माणसं आमच्या माणसांशी मोकळी बोलणार."

"त्यात तुमच्या कंपनीला काय मिळणार?"

"काहीच नाही गं. मोठ्या मनाने करतायत."

"मेल्या, आईला शेंडी लावतोस? उद्या सरकारने विचारलं, सगळा बाजार एकटेच खाता काय, तर दाखवायला बाजूला चार बारकी माणसं नकोत?"

अल्पेश ओशाळला. "काल मीटिंगमध्ये साहेब हेच म्हणाले. तुला कसं कळलं?"

कमळने सुरमईवर कोयता चालवला. तिच्या ओट्याच्या कोपऱ्यावर सुका जवळा विकणारी विधवा वनमाला मात्र हसली. "मोठं मन बघायचं तर आईकडे बघ, बाबा. मला फुकट कोपरा दिलाय. आणि पालिकेचे साहेब कुठला ओटा कुणाचा ते तपासायला आले की सगळ्यांआधी माझंच नाव सांगते."

कमळची मान जी खाली गेली, ती गिऱ्हाईक हाका मारत राहिलं तरी वर झाली नाही.