पिंपातला दस्ता

“बघा, नळीला टेकला!” चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन क्लिओथाने बंदुकीच्या दस्त्याचा पुढचा भाग मुठीत दाबून दाखवला. “दस्ता आहे की मऊ पाव? नेम इकडे, गोळी तिकडे. व्हर्लिन, दुसरी काढ.”

“डीकन, तुमच्या वर्गणीत हेच प्लास्टिक बसतं,” दुकानवाली व्हर्लिन म्हणाली. “अक्रोडाचं लाकूड हवं तर चर्चचा पियानो विकून या.”

रेव्हरंड थ्रेडगिल खुर्चीत बसले होते. बंदूक त्यांच्याचसाठी, चर्चच्या लोकांकडून निरोपाची भेट म्हणून. एके काळी त्यांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यात शिरायचं आणि अख्खं चर्च उभं राहायचं. बायको, क्लिओथाची बहीण ओडेसा, वारली आणि गाणं आटलं. हल्ली ते कागदावरून वाचत. उद्याचं प्रवचन शेवटचं. मग निवृत्ती, अलाबामाची जंगलं आणि हरणांची शिकार.

“भाऊजी, खरी पारख अशी.” क्लिओथाने दस्त्याच्या मागच्या टोकावर बोटांची पेरं आपटली. ठक. “चांगला दस्ता बोलत नाही. आणि वाईट कसा असतो, ऐका.”

कोपऱ्यात एक पिंप होतं. स्वस्त बंदूक घेणारे लोक तिला चांगला दस्ता चढवून घेत आणि मूळचा तिथे टाकून जात. क्लिओथाने त्यातला एक पोकळ दस्ता उपसला आणि पेरं आपटली.

ढुम्म.

रेव्हरंडांनी मान वर केली. “पुन्हा वाजव.”

ढुम्म. ढुम्म.

ओडेसा चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची. प्रवचनात ते अडखळले की लाकडी जमिनीवर टाच आपटायची. आवाज अगदी असाच.

“योना...” रेव्हरंडांचा आवाज चिरकला. मग चढला. “योना माशाच्या पोटात होता! पोट पोकळ होतं, म्हणून हाक घुमली!”

क्लिओथाने ठेका धरला. काडतुसांचा खोका कवटाळून एक गिऱ्हाईक डोलू लागलं. कधी चर्चची पायरी न चढलेली व्हर्लिन ओरडली, “बोला, रेव्हरंड, बोला!”

प्रवचनातला, बायबलमधला योना माशाच्या पोटातून किनाऱ्याला लागला तेव्हा क्लिओथा डोळे पुसत होता. “पण भाऊजी, हा दस्ता फांदीला नुसता लागला तरी सगळं जंगल पळेल. एक हरीण मिळायचं नाही.”

“बंदूक राहू दे,” रेव्हरंड व्हर्लिनला म्हणाले. “दस्ता तेवढा बांध.”

रविवारी ओडेसाच्या जागी क्लिओथा बसला, दस्ता मांडीवर घेऊन. प्रवचन संपायच्या आतच चर्चच्या बायकांनी मागच्या खोलीत जाऊन रेव्हरंडांसाठी आणलेल्या केकवरचा ‘निरोप’ हा शब्द सुरीने खरवडून टाकला.