तोतरा खलाशी

डहाणूच्या सत्कारातून नयनला शालीपेक्षा मोठं काहीतरी मिळणार होतं. पुढच्या सिनेमाचा निर्माता पहिल्याच रांगेत बसला होता. म्हणून फर्माईश होताच नयनने आपल्या नाटकातला गाजलेला तोतरा खलाशी उभा केला आणि सभागृह हसून बेजार झालं. अध्यक्षांनी शेजारी बसलेल्या नयनच्या आईला, देवकीला, डोळे पुसत विचारलं, “मावशी, कुठून उचललं हो पोराने हे?” “बापाकडून,” ती म्हणाली, तर ते आणखीच हसले. तशी ती ताडकन उठून मंचावर चढली. “नयन्या, होडी बुडताना तुला फळीवर ढकलून बापूस तुझ्या नावाने ओरडत राहिला, ते कर की! तूच सांगितलंस, तेव्हा एकदाही अडखळला नव्हता!” लोकांना तोही प्रवेशच वाटला. टाळ्या पडल्या, तसा नयन तिचा हात धरून लवला. सिनेमा नयनला मिळाला, करमणूक गावाला, आणि देवकीचा नवरा दुसऱ्यांदा बुडाला.