मीठ घालू नये
रस्सा मंद आचेवर ठेवून लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने खिडकीतला कागदी तारा लावला, टेबलावरच्या दोन मेणबत्त्या सावकाश पेटवल्या आणि परत आत जाताना दारातच थांबून खोकली.

"सर्दी झाली का गं?" बाहेर बसलेल्या बापाने विचारलं.

"नाही बाबा. असंच."

बाप पुन्हा दाराशी ठेवलेल्या आपल्या बॅगेकडे पाहू लागला. बायको गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. तेवढ्यापुरता तो लेकीच्या या नव्या शहरात आला होता, आणि परवाचं परतीचं तिकीट त्याच्या खिशात होतं. ते फाडा आणि इथेच राहा, असं लेक चार दिवस म्हणत होती. तो "बघू" म्हणत होता. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला इथला एक रस्ता ओळखीचा नव्हता. सकाळी चर्चमध्ये गीतं तीच होती, पण चाली वेगळ्या. त्याचं तोंड उघडलंच नाही.

लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. कागदावर लिहिलंय तसंच आणि तेवढंच, थेंब इकडचा तिकडे नाही. आजचा स्वयंपाकही तिने तसाच केला होता, आईची वही समोर उघडी ठेवून, कांदेसुद्धा काट्यावर तोलून.

दोघं जेवायला बसली. प्रार्थना झाली. बापाने पहिला घास घेतला आणि तो तोंडातच घोळत राहिला. रस्सा ठार अळणी होता.

"छान झालंय," तो म्हणाला. पानातल्या अन्नाला त्याने कधी नावं ठेवली नव्हती.

लेकीने घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले. "कसलं छान? मला वाटलं, आईच्या हातची चव लागली की तुम्ही राहाल."

"अगं, मीठ राहिलं एवढंच ना? तुझी आईसुद्धा दर नाताळला विसरायची."

"आई? मीठ विसरायची?"

"दर वर्षी. ती मेणबत्त्या लावायला गेली की मी हळूच घालायचो. बत्तीस वर्षं तिला ताकास तूर लागू दिली नाही."

लेक त्याच्याकडे पाहत राहिली. मग उठून वही घेऊन आली. "मी विसरले नाही, बाबा. हे वाचा."

शेवटच्या दुखण्यातलं अक्षर होतं, ओळी खाली घसरत गेलेल्या. 'मीठ घालू नये. झाकण ठेवून मेणबत्त्या लावायला जावे. घाई करू नये. परत येताना दारात खोकावे.'

"मला काही अर्थ लागला नाही," लेक म्हणाली. "पण लिहिलंय म्हणून खोकले."

बापाने त्या ओळी दोनदा वाचल्या. पहिल्या वर्षी ती खरंच विसरली असेल. पण दारातला तिचा तो खोकला तर दर नाताळला होता, थंडी असो नसो. तो ऐकूनच हा घाईघाईने बरणी जागेवर ठेवायचा, आणि आपल्याला मोठा हुशार समजायचा. त्याला हसू फुटलं, ते अर्ध्यावरच मोडलं. बायकोला पोचवून आला तेव्हाही तो रडला नव्हता. आता रडला.

मग त्याने डोळे पुसले आणि रश्शाचं पातेलं उचलून आत नेलं. लेक मागोमाग गेली.

"मीठ कुठे ठेवतेस?"

"वरच्या फळीवर."

त्याने टाचा उंचावून बरणी काढली. "एवढ्या उंचावर नको. आता इथे शेगडीपाशीच राहू दे, माझ्या हाताशी."

लेक बरणीकडे पाहत तिथेच उभी राहिली.

"तू का थांबलीस? जा, मेणबत्त्या लाव."

"लावलेल्याच आहेत, बाबा."

"मग विझवून लाव. घाई करू नकोस."

ती गेली. त्याने झाकण काढलं, मीठ घातलं, ढवळलं. बरणी शेगडीपाशी ठेवली. काम झालं होतं, तरी तो तिथेच उभा राहिला, दाराकडे पाठ करून.

थोड्या वेळाने दारात खोकण्याचा आवाज आला.