हाक
महामारीत कॉलेज बंद झालं आणि स्पीच थेरपी शिकणाऱ्या मुलीची इंटर्नशिप लॅपटॉपवर आली. पक्षाघातानं वाचा गेलेल्या आजोबांना ती रोज 'आ' म्हणायला लावी. तीन महिने नुसती हवाच निघत होती. आज त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आजी कोसळल्या. आजोबांच्या घराचा पत्ता फक्त मुलीच्या कॉलेजच्या मॅडमकडे होता आणि त्यांचा फोन लागेना. "आजोबा, दार उघडा! शेजाऱ्यांना बोलवा!" काठी टेकत त्यांनी कशीबशी कडी काढली. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. "पोटातून, आजोबा! माझ्याबरोबर! आ..." ती जिवाच्या आकांतानं ओरडली. स्क्रीनच्या पलीकडून फाटका, घोगरा आवाज आला, "या! या!" दारं धडाधड उघडली. मास्क सावरत शेजारी धावले. तोंडावर पाणी मारल्यावर आजींनी डोळे उघडले. "कोण ओरडलं हो?" आजोबांनी बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं.