शेवटच्या बॅचचा विद्यार्थी

फाटकाशी कुणीतरी उभं असल्याचं सरांना दिसलं, तेव्हा घोडीचा मागचा पाय त्यांच्या मांडीवर होता. खुरातली माती कोरता कोरता त्यांनी तिथूनच हाक दिली, “आलास? ये, ये! कुठल्या बॅचचा तू?”

माणूस तिशीतला होता. हातात रिकामा कॅन. तो जरा घुटमळला.

“शेवटच्या का?” सरांनीच विचारलं.

घोडीकडे, मग सरांकडे बघून तो म्हणाला, “हो, सर.”

सरांनी त्याला आत घेतलं, चहा दिला, शिंगरू दाखवलं. तिन्ही एकर शेत फिरवून आणलं. तो निघाला तेव्हा ऊन कललं होतं.

आयुष्यभर गणित शिकवताना सरांच्या प्रत्येक उदाहरणात घोडा असायचा. पोरं मागून त्यांना ‘घोडामास्तर’ म्हणायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी खरोखरच घोडी घेतली आणि तिला जुंपून शेती करू लागले. पहिली काही वर्षं जुने विद्यार्थी रविवारी यायचे, आपल्या पोरांना घोडीवर बसवायचे. मग येणं विरळ झालं. बायको गेली, तसं ते बंदच पडलं. मुलगी लांबच्या शहरात. सर दिवसभर बोलायचे ते घोडीशी आणि शिंगराशी. दोघंही ऐकून घ्यायची, वर्गापेक्षा बरं.

तो पुढच्या रविवारीही आला. मग दर रविवारी येऊ लागला. सामान पोचवायची व्हॅन चालवायचा, भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. “सुटीचा दिवस अंगावर येतो, सर,” असं एकदा म्हणाला होता. घोडीला खरारा करायला शिकला, घास कापायला शिकला. शिंगरू त्याच्या खिशात तोंड खुपसायचं.

सगळं छान होतं. घोळ एकच होता. तो सरांना आठवत नव्हता.

शिकवलेला एकही चेहरा मी विसरलो नाही, असं सर छाती पुढे काढून सांगत. त्यामुळे त्याच्यापुढे कबूल करायची त्यांना लाज वाटली. ते अंदाजाने बोलत राहिले.

“तुम्ही पोरं मला मागून काय म्हणायचात, ठाऊक आहे मला.”

तो नुसता हसला.

“सांग की! आता काय छडी मारणार आहे?”

“नको सर. तोंडावर कसं म्हणू?”

त्याची अदब सरांना आवडली. त्यांनी विषय वाढवला नाही. वाढवला असता तर तेच उघडे पडले असते.

रोज सकाळी चारा घालताना मात्र ते शेवटच्या वर्गाची हजेरी म्हणून बघत. बेचाळीस नावं, ओळीने, चेहऱ्यांसकट. कोण कुठल्या बाकावर, कुणाचं अक्षर कोंबडीच्या पायाचं, सगळं लख्ख. त्यात हा कुठेच नव्हता. एवढा जीव लावणारा पोरगा, आणि नेमका तोच पुसला गेला होता. सर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत.

आठ महिने असे गेले. मग एका दुपारी कुंपणाची कडी लावायची राहिली. शिंगरू थेट हमरस्त्यावर. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलं.

दुसरा कुणी असता तर स्वतःला चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. सर पाण्याच्या हौदाच्या कडेवर बसून राहिले. आधी चेहरा गेला. आज कडी. उद्या चारा घालायचा विसरेन, आणि या मुक्या जिवांना सांगताही यायचं नाही.

त्यांनी मुलीला फोन केला. “येतो तुझ्याकडे.”

“बाबा, खरंच?” चार वर्षं मागे लागलेली मुलगी रडायलाच लागली. “आणि घोडी?”

“तिची सोय करतो.”

जमीन शेजाऱ्याने घ्यायचं ठरलं. घोडी आणि शिंगरू लांबच्या एका घोडेवाल्याने घेतलं. शनिवारी त्याचा ट्रक आला. घोडी फळीवर पाय ठेवीना. शेवटी सर स्वतः ट्रकमध्ये चढले, तेव्हा ती त्यांच्या मागोमाग निमूट चढली. सर खाली उतरले आणि ट्रकवरच्या गड्याने फळी ओढून घेतली.

रविवारी तो गाजरांची पिशवी घेऊन आला. तबेला झाडून स्वच्छ केलेला होता. ओट्यावर सरांची बॅग होती.

“सर, घोडी?”

“काल दिली. मीही उद्या निघतोय.”

“दिली? शिंगरूसुद्धा? पण का?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “तुझी माफी मागायची आहे. आठ महिने फसवलं तुला. तू मला आठवतच नाहीस रे. किती डोकं खाजवलं, हजेरी म्हटली... नाहीच. एवढं होऊनही गप्प बसलो. मग या आठवड्यात कुंपणाची कडी लावायची राहिली, शिंगरू रस्त्यावर गेलं आणि कळून चुकलं. माझी स्मरणशक्ती चालली. असल्या माणसाने जनावरं ठेवू नयेत.”

हातातली पिशवी त्याने हळूच खाली ठेवली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“तू मनाला लावून घेऊ नकोस,” सर म्हणाले. “तुझा काय दोष?”

“सर,” तो म्हणाला, “माझी गाडी तापली होती. मी पाणी मागायला आलो होतो. तुमच्या शाळेत मी कधी नव्हतोच.”